महिला आघाडी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिनाच्या पुरवणीत आफ्रिकेतील स्वातंत्र्यलढ्यांतील स्त्रियांविषयीचा लेख वाचला. त्यात बंदूक घेतलेल्या तरुणी दिसल्या. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या संघटनांचे काय झाले, हे मात्र राहून गेले.

गोव्याच्या वेशीवर राहणाऱ्या आम्हा वेंगुर्लेकरांना मोझांबिक तितकेसे परके वाटत नाही. तिथेही पोर्तुगीजांचाच अंमल होता. गोवा १९६१ मध्ये सुटला, त्यांना १९७५ उजाडावे लागले. तिथे स्वातंत्र्यासाठी लढलेल्या आणि पुढे सत्तेवर आलेल्या फ्रेलिमो या पक्षाच्या लढ्यात स्त्रियांची स्वतंत्र तुकडी होती. तीत घडलेल्या जोसिना माशेल पंचविसाव्या वर्षीच गेल्या आणि त्यांचा स्मृतिदिन, ७ एप्रिल, तिथे महिला दिन म्हणून पाळतात. मात्र १९७३ मध्ये निघालेली मोझांबिकी महिला संघटना पक्षानेच काढलेली होती. मुलीच्या बदल्यात वधूमूल्य घेण्याच्या ‘लोबोलो’ प्रथेविरुद्ध तिने प्रचार केला, पण कोणता प्रश्न कधी घ्यायचा हे पक्ष ठरवी. बहुपक्षीय राज्यघटना आल्यावर, १९९० मध्ये, ती पक्षापासून वेगळी झाली खरी. १९९६ मध्ये पुन्हा पक्षाच्या दावणीला आली.

दक्षिण आफ्रिकेत निराळे घडले. ९ ऑगस्ट १९५६ रोजी कृष्णवर्णीयांनी सतत जवळ बाळगायच्या ‘पास’ या परवान्याच्या सक्तीविरुद्ध सुमारे २०,००० स्त्रिया प्रिटोरियात जमल्या, त्यात सर्व वंशांच्या होत्या. पुढे १९९२ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या मंडेलांच्या पक्षाच्या महिला लीगने विरोधी पक्षांतील बायकांनाही सोबत घेऊन राष्ट्रीय महिला आघाडी उभारली. जमातींचे पारंपरिक प्रमुख असलेली मंडळी आपला रूढीचा कायदा नव्या राज्यघटनेतील समतेच्या कलमातून वगळा म्हणून अडून बसली होती; या बायकांनी ते होऊ दिले नाही. म्हणूनच १९९६ च्या राज्यघटनेत गरोदरपण आणि वैवाहिक स्थिती यांवरून भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई आहे. अर्थात तिच्या नेत्या संसदेत गेल्यावर ही आघाडीही ओसरली, हे नाकारता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक पक्षाची महिला आघाडी आहे. नेत्याचे औक्षण आणि हळदीकुंकू ती नेटाने करते, परंतु आमच्या बाजारात मासे विकणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षे ना सावलीचा ओटा मिळाला, ना स्वच्छतागृह. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. त्या सभेत सर्व पक्षांच्या आघाड्यांनी मिळून या दोन मागण्यांचा ठराव मांडावा आणि आपण तो छापावा, अशी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले तालुका