एका लॉगिनला एक लॉगआउट हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या ई-सेवा केंद्रात उभे राहायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, शिष्यवृत्ती, प्रवेश अर्ज, सगळे त्याच दोन कॉम्प्युटरवर. गेल्या हंगामात घडलेली एक गोष्ट संबंधितांच्या कानावर जावी, म्हणून हे पत्र.

एका मुलीचा अर्ज भरून झाला. तिने स्वतः लॉगआउट दाबले, तसा संदेशही पडद्यावर आला. मागचा मुलगा खुर्चीत बसला, दुसऱ्याच सरकारी विभागाची साइट उघडली आणि लॉगिनवर क्लिक केले. मोबाइल नंबर नाही, ओटीपी नाही. थेट त्या मुलीचे नाव, जातीचा दाखला आणि बँक खाते समोर! "ताई, हे माझं नाही," म्हणत पोराने लगेच हात मागे घेतला. प्रत्येक जण घेईलच असे नाही.

मी बीसीए केले आहे, त्यामुळे कारण शोधता आले. एका लॉगिनवर अनेक साइट चालतात तेव्हा सेशन, म्हणजे लॉगिन चालू असल्याची नोंद, दोन ठिकाणी असते: एक त्या साइटचे, दुसरे ओळख पटवणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरचे. दोन्हींच्या कुकी, म्हणजे ओळखीच्या छोट्या खुणा, ब्राउझरमध्ये राहतात. साइटवरून लॉगआउट केले की बहुतेक वेळा पहिलेच सेशन संपते. मग दुसरी साइट मध्यवर्ती सर्व्हरकडे चौकशी करते आणि तो जुनी कुकी पाहून बिनदिक्कत आत सोडतो.

यावरचे उपाय जुनेच आहेत. सॅमल 2.0 (SAML) या एकाच लॉगिनसाठीच्या 2005 च्या तांत्रिक मानकात सगळीकडून एकदम लॉगआउट करण्याची तरतूद आहे. 2014 च्या ओपनआयडी कनेक्ट या तशाच मानकात साइट मध्यवर्ती सर्व्हरला 'सेशन चालू असले तरी पुन्हा ओळख पटवून घे' असे सांगू शकते. एखादी साइट त्या क्षणी बंद असेल तर लॉगआउटचा निरोप तिच्यापर्यंत पोचत नाही हे खरे. म्हणूनच प्रत्येक साइटने आपले सेशन थोड्या वेळात आपोआप संपवायला हवे.

एकच लॉगिन नको, असे मी मुळीच म्हणत नाही. आधार कार्डाच्या झेरॉक्समागे पासवर्ड लिहून आणणारी माणसे मी रोज पाहते. जुलै 2022 मध्ये केंद्र सरकारने एकाच लॉगिनवर अनेक सरकारी साइट वापरण्याची 'मेरी पहचान' ही सोय सुरू केली, ती कल्पना मला मनापासून पटते. पण अशा सोयी आखताना घरचा लॅपटॉप डोळ्यांपुढे असतो, आमचे कॉम्प्युटर नसतात.

आम्ही आता प्रत्येकासाठी इनकॉग्निटो, म्हणजे बंद करताच कुकी पुसणारी, विंडो उघडतो. त्यातही अशी एक जरी विंडो मागे उघडी राहिली, तर सेशन तसेच राहते. गर्दीत हे सांभाळणे फार कठीण जाते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणासाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा पुढच्या प्रवेशांआधी लॉगिनच्या पानावर 'हा सार्वजनिक संगणक आहे' अशी चौकट आणि प्रत्येक साइटवर 'सगळीकडून लॉगआउट' हे बटण द्यावे. साइट बनवून घेण्याच्या निविदेतच ही अट घालावी आणि चाचणी एखाद्या चालू सेवा केंद्रात, ऐन गर्दीच्या वेळी घ्यावी. आमच्या केंद्रात घेतली तरी चालेल.

आपली विश्वासू,
एक ई-सेवा केंद्रचालक, चाळीसगाव