हक्क नव्हे, मर्जी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘घरून काम हा आईचा हक्क’ हा मथळा वाचून किती जणींनी आज सकाळी साहेबांना मेल धाडला असेल, कोण जाणे. उत्तर काय येणार तेही सांगतो: ‘नोटेड, बघू.’ आणि कायद्याने त्या उत्तरात चूक काढता येत नाही, हीच तर गोम आहे.

2017 च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात आलेलं कलम 5(5) आपल्या लेखिकेने एकदा उघडून पाहावं. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर मालक घरून काम करू ‘देऊ शकेल’, मुदत आणि अटी दोघांनी मिळून ठरवायच्या. ‘द्यावं लागेल’ असं कुठेही नाही. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा घेतलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच सूर. उत्तर किती दिवसांत द्यायचं, नकाराचं कारण सांगायचं का, याबाबत कलम मूग गिळून बसलं आहे. मागण्याचा हक्क आहे तो ब्रिटनमध्ये. 6 एप्रिल 2024 पासून तिथे बाई असो वा पुरुष, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अर्ज करता येतो, 12 महिन्यांत दोनदा. निर्णय 2 महिन्यांत. नकार द्यायचा तर आधी चर्चा, आणि कायद्यात दिलेल्या 8 कारणांपैकीच एखादं.

आपल्याकडे सगळी भिस्त अर्जावर, आणि तो जातो व्हॉट्सअ‍ॅपवर: ‘सर, थोडं अ‍ॅडजस्ट होईल का?’ रजा संपायच्या महिना-दीड महिना आधी एचआरला मेल करावा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्यातले कोणते वार, किती ते किती, आणि कोणत्या कामासाठी ऑफिसात येणार, हे सगळं त्यात हवं. मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटण्याआधी दोन ओळी शोधाव्यात. ‘कंपनीच्या सोयीनुसार कधीही रद्द’ असेल तर निदान 30 दिवसांची सूचना मागून घ्यावी. ‘सुधारित कामाचे तास’ असेल तर हात आखडावा. घरून काम म्हणजे अर्धवेळ काम नव्हे. तास कमी झाले की मागोमाग पगार कापला जातो, आणि खाली सही आपलीच असते.

जिथे कायदा खरोखर ‘द्यावंच लागेल’ म्हणतो, ते पाळणाघर लेखात दोन ओळींत उरकलंय, तेही चुकीचं. ‘50 महिला’ नव्हे हो, 50 कर्मचारी! 48 पुरुष आणि 2 बायका असल्या तरी पाळणाघर हवंच, आणि आईला दिवसातून 4 वेळा तिथे जाता आलं पाहिजे, जेवणाची सुट्टी धरून. शिवाय मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी रोज दोन वेगळ्या सुट्ट्या. प्रसूती रजेच्या 26 आठवड्यांतले 8 बाळंतपणाआधीच घेतले असतील तर बाई परतते तेव्हा बाळ जेमतेम 18 आठवड्यांचं असतं. तिला या सुट्ट्या मथळ्यापेक्षा जास्त उपयोगी.

आणि ते छायाचित्र! मांडीवर बाळ, गुडघ्यावर लॅपटॉप, चेहऱ्यावर हसू. बाळाला तेवढ्या वेळात कोणीतरी दुसरं सांभाळत असेल तरच घरून काम होतं, हे छायाचित्र निवडणाऱ्याला घरी कोणी सांगितलं नाही वाटतं.

शुद्धिपत्र छापणार असाल तर कृपया मथळा होता त्याच पानावर छापा. पान 9 वर निविदांच्या खाली नको.

आपला,
आस्थापना विभागात काम करणारा एक वाचक, पुणे