आई, म्युनिकमध्ये केस रंगवायला जाण्याआधी हे वाच

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आई, भांगात पांढरी रेघ दिसायला लागल्यापासून तू फोटोत मागे उभी राहतेस, असं वहिनी सांगत होती. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यात रेघ दिसणारच. दादाकडे तुम्ही आहात तो व्हिसा ९० दिवसांचा, म्हणजे तिथे एकदाच रंग केला तरी पुरे. तेव्हा खुशाल सलूनमध्ये जा. फक्त एक लक्षात ठेव, तिथली बाई तुझं डोकं पहिल्यांदाच बघणार आहे. तुझ्या केसांना आजवर काय काय लागलंय ते मला पाठ आहे, तिला कळायला मार्ग नाही, आणि रंग बिघडतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणून सगळं लिहून देते. वहिनीकडून जर्मनमध्ये करून घे आणि तो कागदच तिच्या हातात दे.

पहिली गोष्ट काळ्या मेंदीची. तुझे केस खांद्याखाली, साधारण ४० सेंटिमीटर. वाढीचा हिशेब लावला तर टोकाचा केस जवळजवळ तीन वर्षांपूर्वी मुळातून निघालेला आहे. म्हणजे क्रीम रंग सुरू करण्याआधी तुळशीबागेतून आणून लावायचीस ती मेंदी खालच्या टोकांत अजून आहे, दिसत नसली तरी. निव्वळ मेंदीने फारसं बिघडत नाही. काळ्या मेंदीच्या पाकिटात मात्र कधी पीपीडी, म्हणजे केस काळे करणारं रसायन असतं, कधी धातूंचे क्षार. त्या क्षारांची रंगातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतो, घाण वास येतो आणि केस मधूनच तुटतो. शंका आली तर सलूनमधली बाई टोकाची एक बारीक बट कापून तपासू शकते: ३० मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण), त्यात अमोनियाचे वीसेक थेंब, आणि बट त्यात अर्धा तास. बुडबुडे आले, वाटी गरम लागली किंवा बटेचा रंग झटकन उडाला, तर त्या टोकांना काहीही लावायचं नाही. आपल्याला फक्त मुळं रंगवायची आहेत, त्यामुळे ही वेळ बहुधा येणार नाही. पण ती हौसेने ‘थोडे हायलाइट्स करू या’ म्हणाली, तर स्पष्ट नाही म्हण. हायलाइट म्हणजे ब्लीच, आणि ब्लीच नेमकं त्या जुन्या टोकांवर जाणार.

दुसरी गोष्ट पॅच टेस्टची, आणि हिच्यात मी अजिबात सूट देणार नाही. ‘मला कधी काही झालं नाही’ हे तुझं म्हणणं खरं आहे, पण पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं रंग लावल्यावरही एखाद्या दिवशी उठते, आणि एकदा उठली की सहसा जन्मभर राहते. काळी मेंदी लावलेल्यांना तो धोका जास्त. युरोपात डोक्यावर लागणाऱ्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, पण ॲलर्जी असलेल्याला त्याहून कितीतरी कमीही पुरतं. कंपनी बदलली की टेस्ट पुन्हा करायची. तिथे आपणहून विचारतीलच असं नाही, तेव्हा तूच माग. रंगाच्या ४८ तास आधी जाऊन कानामागे थोडासा लावून घे, त्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे ठेव, आणि दोन दिवस खाज, लाली, सूज येते का बघ. काहीही आलं तर रंग रद्द. पांढरे केस घेऊन परत आलीस तरी चालेल. आणि रंग लावल्यावर पापण्या सुजल्या किंवा श्वास लागला, तर दादाला लगेच ११२ ला फोन करायला सांग.

आता तुझा फॉर्म्युला. शेड ४.०, म्हणजे नैसर्गिक तपकिरी. डेव्हलपर २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के. मी ३० ग्रॅम क्रीमला ४५ मिली डेव्हलपर घेते, कारण मी वापरते त्या लोरिआलच्या माजिरेल रंगाला एकास दीड असंच प्रमाण आहे. तिथे कदाचित वेलाचा कोलेस्टन किंवा श्वार्त्सकोफचा इगोरा असेल. त्या दोन्हींचं नेहमीचं प्रमाण एकास एक, तेव्हा माझं माप तिच्यावर लादू नको. टिंबाच्या आधीचा आकडा केस किती गडद ते सांगतो आणि तो सगळीकडे जवळपास सारखाच असतो. टिंबानंतरचा आकडा छटेचा, आणि तो कंपनीप्रमाणे बदलतो. माजिरेलमध्ये ५ म्हणजे महोगनी, तर इगोरात ५ म्हणजे सोनेरी. म्हणून नुसता आकडा सांगून भागत नाही. ‘नैसर्गिक, लालसर नको’ असं लिहिलेलं बरं. ३० व्हॉल्यूम तर नकोच. त्याने तुझे उरलेले काळे केस मुळाशी फिके होऊन तांबूस दिसतील.

आदल्या दिवशी केस धू, त्या दिवशी धुऊ नको आणि खोबरेल लावून जाऊ नको. धुतल्या दिवशी टाळू कोरडी असते, जास्त चुरचुरते. आणि तेलाचा जाड थर असला की रंग नीट धरत नाही. तुझे कानशिलाजवळचे केस सगळ्यात पांढरे आणि सगळ्यात हट्टी, म्हणून तिथून सुरुवात करायला सांग, आणि थर जाड हवा, ब्रशने ओढून पातळ केलेला नको. वेळ पूर्ण द्यायची, माझ्याकडे देतो तशी ४० मिनिटं. पण तिच्या ट्यूबवर जे लिहिलं असेल ते खरं. रंगाचे कण लहान असताना केसात शिरतात आणि आत गेल्यावर एकमेकांना जोडून मोठे होतात, म्हणून धुतल्यावर बाहेर पडत नाहीत. वीस मिनिटांत पुसला तर ही जोडणी अर्धवट राहते: त्या दिवशी केस छान दिसतात आणि पंधरा दिवसांत कानशिलं तांबूस पडतात. शेवटी उरलेला रंग खालपर्यंत ओढायची बऱ्याच जणींना सवय असते. ते टाळायला एकच वाक्य पाठ कर: ‘नूअर डेन आन्झात्स’, फक्त मुळं. दर वेळी टोकांना रंग गेला की ती काळीकुट्ट आणि राठ होतात.

तुझ्या मानेचं मला सगळ्यात जास्त वाटतं. केस धुताना बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून बसवतात. मान फार मागे वाकली तर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीवर ताण येतो. १९९३ मध्ये एका अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने सलूनमध्ये केस धुतल्यानंतर स्ट्रोक आलेल्या स्त्रियांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. असं क्वचितच होतं, पण तुला स्पॉन्डिलायटिस आहे. बसल्यावर लगेच मानेखाली जाड टॉवेलची गुंडाळी मागून घे, किंवा सरळ पुढे वाकून धुऊन दे म्हण. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारलं, तर ‘संकोच वाटतो’ म्हणून गप्प बसू नको.

बाबा, तुमचं काम सोपं आहे, पण एका ठिकाणी फसायला होतं. आपल्याकडे तुम्ही ‘बाजूला दोन नंबर’ म्हणता, म्हणजे मशीनची सहा मिलिमीटरची कंगी. तिथे मिलिमीटरमध्येच बोलतात. ‘दोन’ म्हणालात तर दोन मिलिमीटर समजतील आणि बाजूचे केस जवळजवळ साफ होतील. ‘झेक्स मिलिमेटर’ म्हणा, वर फक्त कात्री. तुर्की न्हाव्याकडे गेलात तर कानावरचे बारीक केस जाळायला ज्योत फिरवतात. नको असेल तर आधीच हाताने थांबवा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून मानेवर उघडा वस्तरा नको, मशीनने लाइन करून घ्या. आणि मालिश त्यात धरलेली नसते, ती आपल्याकडेच.

अपॉइंटमेंट घ्यावी लागते, जाणं जमणार नसेल तर आधी कळवा. रविवारी बंद, आणि बरीच सलून सोमवारीही बंद असतात. धुणं, कापणं, वाळवणं यांचे दर वेगवेगळे लिहिलेले असतात आणि केसांच्या लांबीप्रमाणे वाढतात, म्हणून बसण्याआधी एकूण आकडा विचारा. बिलाच्या पाच ते दहा टक्के टिप देतात. लहान दुकानात कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ ठेवा.

आई, तिथे केस राठ लागतात म्हणालीस ते पाण्यामुळे. आपलं खडकवासल्याचं पाणी मऊ, म्युनिकचं कठीण. त्यातला चुना केसावर बसतो आणि रंग निस्तेज दिसतो. रंगानंतर दोन दिवस धुऊ नको. पुढे दर वेळी शेवटचं पाणी घेताना लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून केसांवरून ओत, डोळे मिटून. त्यापेक्षा जास्त नको.

निघायच्या आठवड्यात परत रंग करायचा मोह आवर. इथे आल्यावर मी बघते, टोकंही तेव्हाच कापू. त्या बाईने वापरलेल्या ट्यूबचा आणि डेव्हलपरच्या बाटलीचा फोटो मात्र वहिनीला काढायला सांग. मला तो लागेल.

तुमची लेक