कात्रणवही आणि माझा राजीनामा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

सांगायचं ठरवून तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा आईच्या गुडघ्यांवर बोलून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. मी नोकरी सोडली आहे. महिनाअखेरीस शेवटचा दिवस. कुणी काढलेलं नाही, भांडण नाही, तब्येत ठणठणीत आहे. बाबा, एवढं आधी आईला वाचून दाखवा, मग पुढे जा.

मला पुस्तक लिहायचंय, महाराष्ट्रातल्या फोडाफोडीचं. सुरुवात १९७८ पासून. जुलैत वसंतदादांचं सरकार पडलं, अडतिशीतले शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि तुम्ही नि काकांनी जो अबोला धरला तो पार ताईच्या लग्नापर्यंत. विषय मला आपल्या ओसरीवरच मिळालाय. तेव्हा थोडा दोष तुमचाही.

सोळा वर्षं बातमीदार म्हणून मंत्रालय आणि विधिमंडळ केलं, मजेत केलं. पण एक कात्रण डोक्यातून जात नाही. २२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री मी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याची बातमी दिली. पहिलं पान, वर माझं नाव. लिहिली तेव्हा ती खरीच होती. पहाटे ५.४७ ला राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमारास फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी. आपल्याकडे पेपर पडला तेव्हा टीव्हीवर भलताच मुख्यमंत्री! आणि तुम्ही तेही कात्रण ठेवलंत, बाबा. गेल्या दिवाळीत वहीत पाहिलं. पट्टी लावून कापलेल्या कडा, चारी कोपऱ्यांना खळ, खाली तुमच्या अक्षरात तारीख. शेरा नाही. चुकलेल्या गणिताचं पान तुम्ही मला कधी फाडू दिलं नाहीत, ते आठवलं.

तीन दिवसांत तेही सरकार गेलं. त्या मंगळवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि मी "येते" म्हणाले होते. सकाळी सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं, दुपारी राजीनामे आले, मी तिथेच अडकले. आई, पट्टी सुटल्यावर तू मला टीव्हीवर विधानभवनाच्या गर्दीत शोधलंस, हे तू सगळ्यांना कौतुकानं सांगतेस. मला ते ऐकवत नाही गं.

बातमीत 'काय झालं' एवढंच मावतं. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ ला आला. एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट म्हणून चालायची. २००३ ला ती पळवाटही बुजवली. तरी २०२२ मध्ये शिवसेनेचे फुटलेले आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेच. कायदा आवळत गेला तसे लोक किरकोळीत फुटायचे ते घाऊक फुटायला लागले, असं माझं मत. हे नीट मांडायला विधिमंडळाच्या ग्रंथालयात बसून जुनी कार्यवाही वाचायला हवी. रोज रात्री बातमी देऊन ते होत नाही, दोन वर्षं करून पाहिलं.

पैशांची काळजी नको. पीएफ आहे, एका साप्ताहिकाचं सदर ठरलंय, खोली तीच, डबाही त्याच मावशींचा. फक्त आता तो रात्री दीडला गार खायचा नाही. लिहिताना अजून जीभ बाहेर येते माझी, आई. काल आरशात दिसलं आणि तुझी टपली आठवली.

ऑफिसची मेडिक्लेम बंद होईल, म्हणून तुमची वेगळी काढतेय. बाबा, फॉर्मवर बीपी लिहायचंच. "एवढंसं तर आहे" चालणार नाही. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, पेपर वाचून झाल्यावर नाही. आईनं पाणी भरायला खाली वाकायचं नाही. आणि नोकरीचं काकांना मी सांगेन, तुम्ही सांगू नका, पुन्हा १९७८ निघेल.

आणखी एक. माळ्यावरच्या ट्रंकेत त्या वर्षाचे अंक आहेत ना? मला हवेत. पण शिडीवर चढायचं नाही, बाबा. मी येईपर्यंत ट्रंकेला हात लावू नका. वहीत काही महिने नवं चिकटवायला मिळणार नाही, तेवढं सांभाळून घ्या. सदराची कात्रणं येतील अधूनमधून.

पाच तारखेला येते. या वेळी तिकीट काढलंय.

तुमची,
धाकटी