आधी आईचं ताट, मग अंडी

नंदुरबार,
जानेवारी

प्रिय दोस्ता,

राम राम. पत्र मिळालं. वहिनींच्या उलट्या थांबल्या हे वाचून दाखवलं तर आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. ती म्हणते, पहिलटकरणीला चौथ्या महिन्यानंतर भूक लागते, तेव्हा आता तूच चुलीपाशी उभा राहा.

बाकीचं सगळं पत्र तू त्या हॉटेलातल्या शक्षुकावर, म्हणजे टमाट्याच्या मसाल्यात अंडी फोडून शिजवलेल्या त्या कालवणावर खर्च केलंस. बिलाचा आकडा मी आईला सांगितलेला नाही. पण तू म्हणतोस तसं ते इस्रायलचं खाणं नव्हे, भो. मूळ उत्तर आफ्रिकेतलं: ट्युनिशिया, लिबिया, अल्जीरिया तो भाग. तिथले ज्यू १९५० च्या दशकात इस्रायलात गेले, सोबत हे कालवण गेलं, आणि पुढे जगभरच्या हॉटेलांनी त्याला तिथलंच करून टाकलं. अर्थात टमाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेली, म्हणजे ट्युनिशियातही हे फार पुराणातलं नाही. आणि एवढं लांब कशाला जायचं? आपल्याच सुरत लाइनने उतरून खाली नवसारीकडे जा. तिथले पारशी टमाट्यावर अंडी फोडून झाकण ठेवतात. ‘टमेटा पर ईडू’ म्हणतात त्याला. तू कॉलेजात असताना ते खाल्लंयस, फक्त बिल मोठं नव्हतं म्हणून लक्षात राहिलं नाही.

आता कृती. माझ्याकडे याची एकच परीक्षा आहे, आणि ती घेते आमची आई. ती माळकरी, हे तुला ठाऊक आहेच. अंड्याची कढई परसात वेगळी, तिचा चमचाही वेगळा. पण टमाट्याचा मसाला शिजतो तो घरातल्या गॅसवर, घरातल्या भांड्यात. तो तयार झाला की आधी आईच्या ताटात पडतो, भाकरीसोबत. मग उरलेला मी परसातल्या कढईत ओततो आणि तिथे अंडी फोडतो. तेव्हा अंडं पडण्याआधीच त्याची भाजी व्हायला हवी. हॉटेलात नेमकं इथेच मारतात: टमाट्याचं पाणी, वर तिखट, आणि अंड्यावर सगळी भिस्त. पहिल्यांदा आईने खाल्लं तेव्हा म्हणाली, “बठ्ठं चांगलं शे, पन कूट कोठे शे?” कूट मी घातलं नाही. खान्देशात राहून असं वागायला छाती लागते. पण दाण्याचा कूट पडला की त्याचा रस्सा होतो, आणि त्या रश्शात अंडं उकडून सोडलेलंच बरं लागतं. काळा मसालाही नको. दगडफूल आणि खोबरं पुढे आलं की अंड्याला तोंड उरत नाही.

दोघांना चार अंडी, अर्धा किलो टमाटे, दोन कांदे, एक ढोबळी मिरची. लाल मिळाली तर लाल घे, ती गोडसर असते. भांडं जाड बुडाचं स्टीलचं. बिडाची किंवा लोखंडी कढई काढू नकोस, टमाट्याच्या आंबटाने लोखंडाची चव उतरते आणि रंगही काळवंडतो. शेंगदाणा तेल तीन चमचे, आपल्याकडच्या तर्रीच्या हिशोबाने नाही. कांदा तपकिरी करू नको, नुसता मऊ कर. मग ढोबळी मिरची, लसूण, वाटलेली मिरची, भाजून कुटलेलं जिरं. टमाटे बारीक चिरून त्यावर लगेच मीठ, म्हणजे ते भराभर पाणी सोडतात. गावरान टमाट्यांना रस फार आणि आंबटपणाही जास्त, ते आटवायला वेळ लागतो आणि गुळाचा खडा लागतो. हायब्रीडला गर असतो, पण साल जाड. चिवट साल तोंडात येते, तेव्हा ते उकळत्या पाण्यात बुडवून सोलून घे.

झाकण न ठेवता आटव. घाई इथेच होते. कडेने तेल सुटलं, चमच्याने मधून रेघ ओढली आणि ती लगेच मिटली नाही, की झालं. पातळ राहिलं तर अंड्याचं पांढरं त्यात पसरतं आणि दोऱ्या-दोऱ्या होतात.

मिरचीचं सविस्तर लिहितो, कारण तिथे आपला हात कोणी धरणार नाही. सध्या गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत घातलीय, लांबपर्यंत नुसतं लाल. वारा फिरला की अख्खी गल्ली खोकते, आणि पाहुणे विचारतात गावात साथ आहे का. ट्युनिशियावाले हरीसा घालतात: वाळलेली लाल मिरची, लसूण, धणे, तेल, एकत्र वाटून. २०२२ साली युनेस्कोने तो वारशाच्या यादीत घातला. आपल्या ठेच्याला अजून कुणी विचारलेलं नाही, असो. तू निम्मी रंगाची मिरची आणि निम्मी तिखट, गरम पाण्यात अर्धा तास भिजव, लसणासोबत वाट. कोरडी पूड टाकलीस तर रंग येईल, पण भिजवून वाटलेल्या मिरचीचा गर येणार नाही.

या दिवसांत मी अजून एक करतो. भरताचं हिरवं वांगं भाजून, सोलून, मसाल्यातच ठेचतो आणि वर कांद्याची पात. जळगावकडच्या त्या वांग्याला आता भौगोलिक मानांकनही आहे, पण तुमच्या मंडईत जांभळंच मिळालं तर तेही चालेल. उत्तर आफ्रिकेतही यात बटाट्यासारख्या भाज्या घालतात, तेव्हा बट्ट्याबोळ होईल ही भीती नको.

अंडी आमच्याकडे नवापूरची. तिथल्या पोल्ट्र्यांनी दोनदा मार खाल्ला. फेब्रुवारी २००६ ला देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला, मग २०२१ ला पुन्हा. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. तेव्हा इथे अंडं फुकट दिलं तरी कोणी घेत नव्हतं. तरी ते लोक पुन्हा उभे राहिले. तू घेशील ती अंडी पाण्यात टाकून बघ. ताजं तळाशी आडवं पडतं, तरंगलं तर फेकून दे. ताज्या अंड्याचं पांढरं घट्ट असतं, ते जागेवर बसतं.

प्रत्येक अंडं आधी वाटीत फोड. एक नासकं निघालं तर अख्खी कढई जाते. आच मंद कर, डावाच्या पाठीने मसाल्यात खळगा कर, वाटी अगदी टेकवून अंडं सोड. सोडल्यावर पांढरं आधी काचेसारखं दिसतं, मग कडेकडून दुधाळ होत आत सरकतं. झाकण ठेव. पांढरं साठ-बासष्ट अंशांपासून धरायला लागतं, पिवळं त्याच्या थोडं पुढे, म्हणून या दोघांच्या मधली वेळ साधायची असते. चार-पाच मिनिटांनी उघड. पिवळ्यावर पातळ साय आली आणि कढई हलवल्यावर ते थरथरलं, की तुझं ताट वाढ.

वहिनींचं नाही. त्यांची दोन अंडी आणखी ठेव, पिवळं पूर्ण घट्ट होईपर्यंत. या दिवसांत कच्चट अंडं नको, त्यांनी कितीही हट्ट केला तरी. तिखटही त्यांच्या वाट्याला कमीच.

पाव वगैरे राहू दे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी कर, नाहीतर नुसत्या ज्वारीची. कळण्यात मीठ आधीच असतं, तेव्हा मसाल्यात हात आखडता ठेव. सोबत कच्चा कांदा, लिंबू नको, टमाटा पुरेसा आंबट आहे.

मिरची दोन किलो पाठवतोय, आपल्या गल्लीतल्या त्या पोराबरोबर. रविवारच्या गाडीने येतोय तो. देठं आईने तोडलीत, पण एक ऊन दाखवूनच डब्यात भर. पिशवीत कळण्याचं पीठही आहे, ते वहिनींना दे, तुझ्या हाती लागलं तर तू धिरडी घालून संपवशील.

तुझाच