शाळेचं छप्पर सोडतीवर टांगू नका

संपादक महोदय,

आपल्या वाचकपत्रांत नुकतंच एका गृहस्थांनी सुचवलं, की महाराष्ट्र राज्य लॉटरी केरळसारखी जोरात चालवावी आणि तिचं उत्पन्न महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांना द्यावं. ते पत्र मी माझ्या टेबलावर बसूनच वाचलं. टेबल लॉटरीच्या तिकिटांचं. वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडल्यावर मिस्टरांनी ते किसननगरला मांडलं, ते गेल्यापासून सोळा वर्षं मी बसते. तिकीट जास्त खपलं तर कमिशन मलाच जास्त मिळणार आहे. तरीही या सूचनेला माझा विरोध आहे.

तिकीट कोण घेतं, हे मला रोज दिसतं. पहिलं भाडं मारून आलेला रिक्षावाला. नाक्यावर काम मिळालं तर येतो आणि नाही मिळालं तर नक्की येतो असा एक रंगारी. रात्रपाळीचा वॉचमन. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या दोघीजणी निम्मे निम्मे पैसे काढून एक तिकीट घेतात आणि ते कुणाच्या पर्समध्ये राहणार यावरून भांडतात. मोठ्या सोसायट्यांतले साहेब येतात ते दिवाळी बंपरला, गंमत म्हणून. बाकी वर्षभर माझं टेबल रोजंदारीवाल्यांवर चालतं. शेवटचे आकडे जुळून कुणाला पाचशे लागले, तरी त्यातले निम्मे तो तिथल्या तिथे तिकिटांतच घालतो. मी देते. धंदा आहे.

यांची मुलं कुठे शिकतात? माझा नातू शिकतो त्याच महापालिका शाळेत. मी त्याची पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, त्यामुळे सगळे चेहरे ओळखीचे. 2010 पासून शिक्षण हक्क कायद्याने या मुलांची फी माफ आहे. ती माफ केलेली फी बापाकडून माझ्या टेबलावर वसूल करायची, एवढाच या सूचनेचा अर्थ मला लागतो. सोसायटीतले साहेब त्यातून अलगद सुटणार.

दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. आज नवरा तिकीट घेताना दिसला, की बायको चारचौघांत त्याला झापते, ‘पोराची वही आणायला पैसे नाहीत आणि हे कागद आणताय!’ माझ्यासमोर असं कितीदा झालंय. त्याच कागदावर उद्या ‘शाळांच्या मदतीसाठी’ असं छापलं, तर ती बाई काय बोलणार? तिच्या हातात एवढं एकच हत्यार आहे, तेही सरकार काढून घेणार. आणि मीसुद्धा काही संत नाही. तसं छापून आलं तर ‘घ्या हो, पोरांच्या शाळेलाच जातंय’ हे वाक्य पहिल्या दिवसापासून माझ्या तोंडी येईल.

राज्याची लॉटरी सुरू झाली 1969 साली. लोकांनी मटक्याकडे वळू नये म्हणून, असं मिस्टर सांगायचे. ते कारण मला पटतं. जुगार खेळणारच असाल तर निदान सरकारी खेळा, फसवणूक होणार नाही. त्याला पुण्यकर्म म्हणायची गरज नाही.

त्या गृहस्थांनी अमेरिकेचाही दाखला दिला होता. माझा भाचा वाशीला अकाउंट्सचं काम करतो, त्याला माहिती काढायला सांगितली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने 1964 मध्ये शिक्षणासाठी म्हणून लॉटरी काढली. कॅलिफोर्नियात 1984 मध्ये लोकांनी मत देऊन ती आणली. हे पैसे शाळांच्या नेहमीच्या पैशांच्या वर मिळतील, त्यांच्या जागी नव्हे, असं तिथल्या कायद्यातच लिहिलं. आज तिथल्या शाळांच्या एकूण पैशांत लॉटरीचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. लोकांना मात्र वाटतं, शाळांना लॉटरीचं मिळतंय की, आता आणखी कशाला?

आपल्याकडे वेगळं होईल असं मानायला मला जागा दिसत नाही. आमच्या खोलीच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कराची ओळ असते. राज्याचा हा कर 1962 च्या कायद्याने आला, महापालिका तो गोळा करून राज्याकडे भरते. केंद्राने 2007 मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी एक टक्का उपकर लावला. दहा वर्षांत त्यातून 83 हजार कोटींहून जास्त जमा झाले आणि तोवर त्यासाठी वेगळा निधीच उघडलेला नव्हता, हे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने दाखवून दिलं. कराला शाळेचं नाव दिलं म्हणून पैसा शाळेत पोचत नाही. एका खिशात शंभर घातले की दुसऱ्या खिशातून शंभर काढून घेता येतात.

शिवाय लॉटरीचा भरवसा काय? 2020 च्या टाळेबंदीत सोडतीच थांबल्या, माझं टेबल प्लास्टिक टाकून बांधून ठेवलं होतं. त्याच वर्षी मार्चपासून सरकारी लॉटरीवरचा जीएसटी 12 चा 28 टक्के झाला होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला आहे. त्यात बक्षिसं, छपाई, आम्हा विक्रेत्यांचं कमिशन. केरळची विक्री हजारो कोटींची असली तरी त्यातला निव्वळ नफा थोडाच असतो. शाळेचं लाइट बिल आणि शिक्षकाचा पगार तर महिन्याच्या महिन्याला लागतो.

आमच्या शाळेचंच सांगते. पट चारशेच्या आसपास. अडीचशेच्या वर हजारापर्यंत पट असला, की समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधून संयुक्त शाळा अनुदान 75 हजार रुपये ठरलेलं आहे. म्हणजे एका मुलामागे वर्षाला 187 रुपये. रोज पन्नासची तिकिटं घेणारा माणूस त्याहून जास्त पैसे चार दिवसांत माझ्या टेबलावर ठेवतो. त्या अनुदानातून खडू, झाडू, फिनेल, नळाची तोटी, पंख्याची दुरुस्ती. पाचवीच्या वर्गात पावसाळ्यात दोन बाक भिंतीकडे सरकवून मधे बादली ठेवतात. मुलांना त्याचं काहीच वाटत नाही, बादली भरली की ओतायला जायची पाळी लावलीय त्यांनी. आम्हा समितीवाल्यांना वाटतं. छपराच्या दुरुस्तीसाठी दोन वर्षं अर्ज देतोय.

एक मात्र मान्य करते. लॉटरीच्या 1998 च्या कायद्यानुसार मुदतीत कुणी मागितलं नाही ते बक्षीस सरकारजमा होतं. तिकीट हरवतं, शर्टाच्या खिशात धुतलं जातं, माणूस निकाल बघायचाच विसरतो. हा पैसा कुणाच्याच हिशेबात नसतो. त्याची पुस्तकं घ्या, मुलांना सहलीला न्या, कबड्डीच्या मॅट घ्या. एखाद्या वर्षी कमी आला तर सहल जवळची निघेल, कुणाचं अडणार नाही. किती जमा झाले आणि कुठल्या शाळेला किती गेले, हे तिकिटाच्या मागे छापा. तिथे आत्ता इतक्या बारीक अक्षरात नियम असतात की चष्मा लावूनही वाचता येत नाहीत.

छपराचा खर्च मात्र करातून, अंदाजपत्रकातूनच व्हायला हवा. समितीच्या या महिन्याच्या सभेला मी अर्जाच्या दोन्ही पोच आणि मालमत्ता कराचं बिल घेऊन जाणार आहे. त्या गृहस्थांना यायचं असेल तर सभा शनिवारी शाळा सुटल्यावर असते.

— एक लॉटरी विक्रेती, किसननगर, ठाणे