आई-बाबांना, लहान मेघाबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलं, "जी दीर्घिका तुटून राह्यली म्हणतेस, ती तुला तुटताना दिसते का?" मी "नाही" म्हटलं आणि तेवढ्यात रेंज गेली. नुसतं "नाही" हे काही उत्तर झालं नाही. न दिसणारी गोष्ट आम्हाला कळते कशी, यातच माझं सगळं काम आहे, म्हणून लिहायला बसले. आईला वाचून दाखवा. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, आणि मला हे तिलाही सांगायचं आहे.

त्या दीर्घिकेचं, म्हणजे ताऱ्यांच्या त्या प्रचंड समूहाचं, नाव लहान मॅगेलन मेघ. आधी ती कुठे आहे ते सांगते. पुढच्या महिन्यात, माघात, रात्री नऊ-दहाच्या सुमारास तुम्ही ओलिताला नाहीतर जागलीला वावरात असाल, तेव्हा दक्षिणेकडे बघा. क्षितिजाच्या थोडा वर एक ठळक तारा दिसेल, तो अगस्त्य. त्याच्या खाली, जरा उजवीकडे, पार जमिनीच्या रेषेवर मोठा मॅगेलन मेघ येतो, पण आपल्याकडे तो इतका खाली असतो की धुळीत आणि झाडांमागे हरवतो. लहान मॅगेलन मेघ तर आपल्या गावाहून कधी उगवतच नाही. पुण्याजवळ खोडदला ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्यांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिलाही हे दोघे पाहता येत नाहीत. त्यासाठी चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा दक्षिणेकडच्या देशांत दुर्बिणी लावाव्या लागतात, नाहीतर पृथ्वी सोडून वर जावं लागतं.

हे दोन्ही मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन दीर्घिका. मोठा सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षांवर आणि लहान सुमारे २,००,००० प्रकाशवर्षांवर. माझा सगळा जीव आहे तो लहान मेघात.

आई, यातल्या एका बाईची गोष्ट तुला सांगायची आहे. हेन्रिएटा लेविट तिचं नाव. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत ती काम करायची. तिलाही नीट ऐकू येत नसे. बायकांना तेव्हा दुर्बिणीवर बसू देत नव्हते. दक्षिण अमेरिकेत, पेरूमध्ये, काचेच्या पट्ट्यांवर घेतलेले आकाशाचे फोटो तिच्या टेबलावर यायचे आणि वेगवेगळ्या रात्रींच्या पट्ट्या ताडून कोणता तारा उजळला, कोणता मंदावला, हे तिने शोधायचं. १९०८ साली तिने या दोन मेघांतल्या १,७७७ बदलत्या ताऱ्यांची यादी छापली. १९१२ साली लहान मेघातले २५ तारे घेऊन तिने दाखवलं की जो तारा मुळात जास्त तेजस्वी, त्याला उजळून-मंदावून पुन्हा उजळायला वेळही जास्त लागतो. म्हणजे ताऱ्याचा हा काळ मोजला की त्याचं खरं तेज कळतं. आपल्याला दिसणारं तेज त्याच्याशी ताडलं की तारा किती दूर आहे ते कळतं. आकाशातली लांबची अंतरं मोजायला माणसाच्या हाती लागलेली ही पहिली भरवशाची पट्टी. पुढे एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाने याच पट्टीने दाखवून दिलं की देवयानी तारकासमूहातला तो धूसर डाग आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरची वेगळी दीर्घिका आहे.

लेविटबाईंनी हे करताना एक गोष्ट गृहीत धरली होती: लहान मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. तसं धरलं म्हणूनच त्यांची तुलना करता आली. पुढे शंभर वर्षांत पट्टी सुधारली, तारे हजारोंनी सापडले, आणि याच जातीच्या ताऱ्यांवरून लहान मेघाची खोली मोजली, तेव्हा तो आपल्या नजरेच्या दिशेने भयंकर लांब निघाला. जवळच्या टोकापासून दूरच्या टोकापर्यंत सुमारे ६०,००० प्रकाशवर्षे! आकाशात तो जेवढा रुंद दिसतो त्याच्या कितीतरी पट खोल. जवळचं टोक मोठ्या मेघाच्या बाजूचं, दूरचं टोक उलट बाजूचं. ज्या मेघाने मापाची पट्टी दिली, त्याच पट्टीने त्याचा ताणलेला आकार उघड केला. मला या कामात याच्याएवढं सुंदर दुसरं काही वाटत नाही.

आता तो ताणला कोणी? गुरुत्वाकर्षण अंतर वाढलं की झपाट्याने घटतं. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथ्या हिश्शावर येते. मोठा मेघ लहानापेक्षा कितीतरी जड. त्यामुळे लहान मेघाची जी बाजू त्याच्या जवळ, तिला ओढ जास्त, मधल्या भागाला कमी, पलीकडच्या बाजूला आणखी कमी. या फरकामुळे जवळची बाजू पुढे निघते, दूरची मागे राहते आणि सगळी दीर्घिका लांबट होत जाते. समुद्राला भरती येते ती याच फरकामुळे. आजी चरख्यावर बसली की पेळूतून धागा कसा निघायचा ते आठवा: एक टोक ओढलं की तंतू एकमेकांवरून सरकत बारीक होत जायचे. फक्त इथे दोन्ही बाजूंनी धागा निघतो आणि ओढणारा हात कुठेच लागलेला नसतो.

तो धागा खरंच सापडला आहे. १९६३ साली ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना दोन मेघांच्या मधे हायड्रोजन वायूचा पूल दिसला. हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो, म्हणून डोळ्याला न दिसणारा वायू तबकडीला दिसतो. १९७४ साली त्याहून मोठी गोष्ट कळली, ती म्हणजे दोन्ही मेघांच्या मागे आकाशात १०० अंशांहून जास्त पसरलेला वायूचा प्रवाह. त्या वायूतून येणारा दूरचा प्रकाश तपासून त्यातलं गंधक आणि ऑक्सिजन मोजलं. ते प्रमाण इतकं कमी निघालं की बराचसा वायू लहान मेघातूनच निसटलेला असावा, कारण लहान मेघात जड मूलद्रव्यं कमी आहेत. प्रवाहाचा काही भाग मोठ्या मेघातूनही आला आहे. पुलामध्ये तर कोवळे तारेही आहेत. जुन्या घरातून निघालेल्या वायूने वाटेतच नवे तारे जन्माला घातले.

वायूबरोबर तारेही ओढले गेले का, यावर बरीच वर्षं वाद होता. २०१७ साली स्मिता सुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हिस्टा दुर्बिणीच्या माहितीतून एका विशिष्ट जातीचे लाल तारे तपासले. त्यांचं खरं तेज जवळपास सारखं असतं. लहान मेघाच्या पूर्वेकडे त्यांना असे दोन थर मिळाले: एक मेघाच्या नेहमीच्या अंतरावर, दुसरा त्याच्या ३५-४० हजार प्रकाशवर्षे अलीकडे. मोठ्या मेघाच्या बाजूने ओढून काढलेले तारे ते. आपल्या देशातले लोक या कामात किती पुढे आहेत हे तुम्हाला कळावं असं मला फार वाटतं. बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था कितीतरी वर्षांपासून या मेघांवर काम करते आहे, आणि २०१५ साली श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅट या दुर्बीण-उपग्रहानेही लहान मेघातले तारे अतिनील प्रकाशात टिपले आहेत.

बाबा, आता तुमचा प्रश्न. तुटताना दिसत नाही, पण ताऱ्यांची चाल मोजता येते. आपल्याकडे येण्याची किंवा दूर जाण्याची चाल प्रकाश रंगांत फोडला की त्यात दिसणाऱ्या रेषा किती सरकल्या यावरून कळते. लहान मेघ सेकंदाला साधारण १५० किलोमीटरने दूर जाताना दिसतो. त्यातला काही हिस्सा सूर्याच्या स्वतःच्या धावण्याचा आहे, तो वजा करावा लागतो. आडवी चाल मोजणं फार कठीण. एका अंशाचे ३,६०० भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार भाग करा. लहान मेघ वर्षभरात आकाशात असे जेमतेम दीड भाग सरकतो. हे मोजायला मागे न हलणारं काहीतरी लागतं. नित्या कल्लिवायलिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकाशातल्या हबल दुर्बिणीने मेघांच्या पलीकडचे, अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतिशय तेजस्वी केंद्रं, खुणेला घेतले आणि काही वर्षांच्या अंतराने पुन्हा फोटो काढले. २००६ साली उत्तर आलं आणि सगळे चकित झाले. मेघ आधी वाटलं होतं त्यापेक्षा बरेच वेगाने धावत होते. इतक्या वेगाने की ते आकाशगंगेभोवती घिरट्या घालत नसून बहुधा पहिल्यांदाच तिच्या जवळ आले आहेत. म्हणजे लहान मेघाची ही अवस्था मुख्यतः आपल्या आकाशगंगेने केलेली नाही. ती जोडीदाराने केली. चाल उलटी नेऊन गणित मांडलं की सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही मेघ एकमेकांच्या अगदी अंगावरून गेले असं दिसतं.

त्यानंतर युरोपचं गाया यान आलं. २०१४ ते २०२५ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून त्याने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांच्या जागा आणि चाली नोंदवल्या. पुढचं सगळं त्या नोंदींवर चाललं आहे.

आणि इथे एक मोठी अडचण उभी राहिली. दीर्घिकेचं वजन काढायची नेहमीची रीत म्हणजे ती किती वेगाने गरगर फिरते ते मोजणं. लहान मेघातल्या वायूची चाल एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग बदलते, म्हणून तो फिरतो आहे असं धरून त्याचं वजन काढलं गेलं. गायाने ताऱ्यांची आडवी चाल दिली तेव्हा तिचा या फिरण्याशी मेळ बसेना. २०२४ साली क्लेअर मरे यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातल्या ३६ तबकड्यांच्या ॲस्कॅप दुर्बिणीने घेतलेली वायूची माहिती ताऱ्यांशी जोडून दाखवलं की समोरून एक दिसणारा हा मेघ खरं तर एकामागे एक अशा दोन भागांचा आहे, दोघांत सुमारे १६,००० प्रकाशवर्षांचं अंतर. २०२५ साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या सातोया नाकानो आणि केंगो ताचिहारा यांनी सुमारे ७,००० तरुण, जड ताऱ्यांची चाल तपासली. हे तारे फिरत नव्हतेच. मेघाच्या दोन बाजूंचे तारे उलट दिशांना निघाले होते. मेघ फिरत नसेल, तर फिरण्यावरून काढलेलं वजन कशाच्या आधारावर उभं राहील? माझ्या मते आता या प्रश्नाला टाळून पुढे जाता येणार नाही. मला ताणाचं चित्र जास्त पटतं. मरे यांचे दोन भागही त्याच ताणातून आलेले असू शकतात, पण ते ठरवायला दूरच्या भागातल्या ताऱ्यांच्या चाली आणखी नेमक्या लागतील.

माझ्या वाट्याला यातलं निवडण्याचं काम आहे. लहान मेघाच्या दिशेने यान बघतं तेव्हा मधे आपल्याच आकाशगंगेतले तारे येतात. शिवाय मेघाच्या अगदी शेजारी, पण आपल्यापासून सुमारे १५,००० प्रकाशवर्षांवर, ४७ तुकाना नावाचा लाखो ताऱ्यांचा दाट गुच्छ आहे. हे सगळे यादीतून काढायचे; अंतर, रंग, चाल बघून एकेक. चुकून परके तारे राहिले तर त्यांची चाल मेघाच्या नावावर लागते. फार कडक चाळणी लावली तर नेमके ओढले गेलेले, भरकटलेले तारे बाहेर पडतात, आणि गोष्ट तर त्यांचीच आहे. दिवसभर मी हेच करते. हे काम कंटाळवाणं आहे असं लोक म्हणतात. मला एक दिवसही तसं वाटलं नाही. याचा काही पैसा होणार नाही, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही, तरी तुमच्या मनात येत असेल. पण कापसाचे पैसे हाती येण्याआधी माझी फी भरून तुम्ही मला शिकू दिलं, त्यामुळे मी या कामापाशी पोचले. ते मी कामाला बसताना विसरत नाही.

आईने मागे विचारलं होतं, शेवटी त्याचं होईल काय? गणितं सांगतात की मोठा मेघ सुमारे २४० कोटी वर्षांनी आपल्या आकाशगंगेत मिसळेल. लहान मेघ तोवर वेगळा उरणं कठीण आहे. त्याचे तारे मरणार नाहीत, आई. ते राहतील, फक्त दुसऱ्या दीर्घिकेचे म्हणून मोजले जातील.

गायाच्या नोंदींचा पुढचा संच २०२६ च्या डिसेंबरात यायचा ठरला आहे. चिलीत व्हिस्टा दुर्बिणीवर एक नवं यंत्र बसलं आहे, ते एका वेळी सुमारे २,४०० ताऱ्यांचा प्रकाश तपासतं. त्याच्या कामात या दोन मेघांसाठी वेगळा हिस्सा राखला आहे. मी त्याच माहितीची वाट बघते आहे.

तुरीच्या सोंगणीला मजूर मिळाले का ते कळवा. मजुरीचे पैसे मी सोमवारी खात्यात टाकते. हरभऱ्याला रानडुकरं लागली असतील तर बाबांनी एकट्याने जागलीला जाऊ नये, शेजारच्या काकांना सोबत घ्यावं. मी होळीला चार दिवस येते.

तुमची लेक,
सुमी